तुडुमाजवळचं पाणी

मोहबोडी, ता. सावली
१६ सप्टेंबर २०२३

नागसेन,

जय भीम. तुले फोनवर आयकू येत नाई, म्हणून दिव्यानी म्हणली, बाबा, काकाले चिठ्ठीच लिवा. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिवलं नाई. चुकलं तं समजून घे.

आपल्या तलावातले मासे मेले. मंगळवारी पहाटे लालसू बोंबलत आला, ‘भाऊ, मासे वर आले, तोंड उघडून राह्यले.’ लालसू म्हणजे आमच्या मत्स्य संस्थेचा राखणदार. गोंड हाये, तलावाच्या पाळीखालीच, बांधाच्या बुडाशी, त्याची झोपडी. मी सचिव, म्हणून पहिले माझ्याच दारी आला. आमी पोचलो तवा सूर्य निघत होता. पाळीपासून तुडुमापर्यंत, पाणी जिथून शेताले सोडते तिथपर्यंत, पांढरं पांढरं. रोहू, कटला, पाच-पाच किलोचे. माझ्या डोळ्यासमोर एक कटला काठाले आला, दोन-चार वेळ तोंड हालवलं अन् आडवा झाला. चाळीस घरं ढिवरायची, सगळे पाण्यात उभे. तीन दिवस आमी गाडत होतो. गावाले अजून वास हाये.

लालसूच्या झोपडीत सालीचा गठ्ठा सापडला. जंगलातली साल. कुटून पाण्यात टाकली की माशाले गुंगी येते, ते तुले मालूमच हाये. संस्थेसंगं त्याचं मागच्या महिन्यात तिखट बोलणं झालं होतं. गावाची खात्री झाली हाये.

तू पावर हाऊसच्या लॅबमधी तीस वर्षं पाणीच तपासलं. तू लिवून दे की पाण्यात जहर होतं. ठाण्यात द्याले कागद पायजे.

तुझा
श्रीहरी

---

ऊर्जानगर
२० सप्टेंबर २०२३

प्रिय श्रीहरी,

पत्र दोनदा वाचलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अजून क्वार्टरच्या गल्लीतच भाड्यानं राहतो, आणि सकाळी कंपनीच्या बसचा भोंगा ऐकू आला नाही तरी त्याच वेळी जाग येते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मात्र झोपच आली नाही. त्या तलावात आपण दोघं पोहायला शिकलो.

पण न पाहिलेल्या पाण्याबद्दल मी काही लिहून देणार नाही. आधी एवढं कळव. मासे मेले त्याच्या आधी दोन-तीन दिवस हवा कशी होती? पाण्याचा रंग कधीपासून बदलला? लहान मासे आधी मेले की मोठे? बेडूक, पाणसाप मेले का? आणि मुख्य म्हणजे मागूर आणि मरळ मेले का? हे नीट आठवून लिही.

प्यायच्या पाण्याच्या तीन नव्या बाटल्या घे. एक पाळीजवळून भर, एक मधून डोंग्यात जाऊन आणि एक तुडुमाजवळून. हात कोपरापर्यंत बुडवून पाण्याखालीच झाकण लाव. बर्फात ठेवून चंद्रपूरच्या बसनं पाठव. माझ्या हाताखाली शिकलेला अतुल आता शहरात स्वतःची प्रयोगशाळा चालवतो. त्याच्याकडे तपासून घेतो.

आणखी एक. आपण चौथीत होतो तेव्हा मालगुजाराच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं होतं. पाचच मिनिटांत माझ्या बापाचं नाव आलं. वीस माणसं आमच्या दारात उभी होती. तुझे वडील तेवढे मध्ये आले आणि म्हणाले, ‘टाकताना पाह्यलं कोणी?’ कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून विचारतो. लालसूला टाकताना पाहिलं कोणी? आणि तो आता आहे कुठे?

तुझा
नागसेन

---

मोहबोडी
२७ सप्टेंबर २०२३

नागसेन,

बाटल्या भरल्या. सावलीच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात दिल्या. एक, दोन, तीन असे आकडे टाकले हाये. तीन नंबरची तुडुमाजवळची.

तुह्या प्रश्नायचं उत्तर. हवा तीन दिवसापासून कोंदट होती. ढग भरून, पण पाऊस नाई, वारा नाई. पाणी राखीच्या आधीपासून हिरवं होतं. आमाले बरंच वाटलं होतं, हिरवं पाणी म्हणजे माशाले खाद्य. मग मंगळवारच्या दोन-तीन दिवस आधी काठावर साय आल्यासारखं झालं, निळसर हिरवं. हात घातला तं हाताले रंग लागे. म्हशीनं तोंड लावलं नाई.

मोठे मासे आधी मेले. बेडूक जित्ते होते, ओरडतच होते. अन् मागूर एकही मेला नाई. मरळही नाई. हे मी आधी ध्यानातच घेतलं नव्हतं. तू विचारलं तवा संस्थेतल्या पत्रू भोयरले विचारलं, तो म्हणे, खरंच की भाऊ, मागूर तं चिखलात वळवळत होते.

लालसू आता इथी नाई. मुलचेऱ्याच्या पुढं त्याच्या बायकोचं, मंगलीचं गाव हाये, तिकडं गेला. त्या दिवशी लोकं तापले होते. दोन-चार थापडा पडल्या असंल. तेवढं होतेच.

माझ्या बाबाचं तू लिवलं. मले आठवत होतं.

श्रीहरी

---

ऊर्जानगर
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय श्रीहरी,

निकाल आला. हे पत्र गावात मोठ्यानं वाचून दाखव, म्हणून सोपं करून लिहितो.

तलावात विष टाकलेलं नव्हतं. अतुलनं तपासलं त्यात काही सापडलं नाही. पण बाटल्या पोचायच्या आतच तू लिहिलेल्या गोष्टींवरून मला कळलं होतं. विष असतं तर मागूर वाचला नसता, बेडूक वाचले नसते. मागूर आणि मरळ वर येऊन हवेतूनही श्वास घेतात. रोहू-कटल्याला ते जमत नाही. म्हणजे मासे गुदमरून मेले.

पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू बनवतं, पण रात्री तेही आपल्यासारखाच तो खातं. शेवाळ थोडं असेल तर सगळ्यांना पुरतो. तुमच्या तलावात ते उतू गेलं होतं. ती साय म्हणजे तेच. तीन दिवस ऊन नाही, वारा नाही. त्यात ते शेवाळही मरून कुजायला लागलं, आणि कुजण्यानं उरलासुरला प्राणवायूही संपवला. म्हणून पहाटे, आणि मोठ्यांना प्राणवायू जास्त लागतो, म्हणून आधी मोठे मासे.

शेवाळ एवढं का वाढलं? धानाला जे लागतं तेच त्याला लागतं, म्हणून. धानाच्या बांध्यांत टाकलेला युरिया पावसानं वाहून तलावात आला. गावाच्या नाल्या तलावातच सुटतात, त्यांत साबण आणि संडासाचं पाणी. शेताचं खत पाण्याला मिळालं आणि पाण्यानं पीक काढलं.

यात लालसूचा काही दोष नाही. त्यानं तर तुम्हाला उठवलं. त्याला मानानं परत आणा. हे पहिलं काम. नाल्यांचं आणि बांध्यांचं त्याच्यानंतर.

तुझा
नागसेन

---

मोहबोडी
२ नोव्हेंबर २०२३

नागसेन,

तुही चिठ्ठी समाजमंदिरात वाचली. दिव्यानीनं वाचली, तिचा आवाज खणखणीत हाये. मागूरची गोष्ट आली तवा बुढे लोक मान हालवाले लागले. पटलं सगळ्यायले. ठाण्याचं बारगळलं.

तुहे लय उपकार झाले. गावावरचं एक ओझं उतरलं. युरिया तं सगळेच टाकतात, नाली तं सगळ्यायच्याच घरची हाये. आता कोणाचं नाव घ्याचं? सरपंच गुणवंतराव म्हणले, निसर्गाचा कोप समजा अन् पुढच्या साली नवीन बीज सोडू.

लालसूले आणाचं ठरलं हाये, पण धान कापणी सुरू झाली, कोणाले सवड नाई. निरोप धाडला हाये. येईन तो.

तू एकदा ये. पाणी अजून हिरवंच हाये, पण वास गेला.

श्रीहरी

---

मोहबोडी
१९ नोव्हेंबर २०२३

आदरणीय नागसेनकाका,

मी दिव्यानी. हे पत्र बाबांना न सांगता लिहीत आहे. तुमचं पत्र मीच वाचलं होतं, त्यामुळे मला झोप नाही.

काका, तुम्हाला एक गोष्ट कोणी सांगितलेली नाही. ऑगस्टमध्ये बाबांनी गडचिरोली रोडवरच्या एका पोल्ट्रीतून कोंबडखत आणलं. सहा ट्रॉल्या. बीज विकणाऱ्यानं सांगितलं होतं की त्यानं मासे दुपटीनं वाढतात. थोडं थोडं टाकायचं असतं म्हणे, पण ट्रॅक्टर परत परत कुठे मिळणार म्हणून दोन दिवसांत सगळं तुडुमाजवळ ओतलं. संस्थेत कोणाला विचारलं नाही, मासे वाढले की सगळ्यांना दाखवू म्हणाले होते. ट्रॉल्या लालसूदादानं रिकाम्या केल्या. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं. पहिल्या चिठ्ठीत बाबांनी तुम्हाला ‘बोलणं’ झालं असं लिहिलं होतं ना (ती चिठ्ठी मीच पोस्टात टाकली), ते संस्थेशी नाही, बाबांशीच, आणि यावरूनच. दादा म्हणत होता, भाऊ, पाण्याला वास सुटला, आता पुरे.

आणि थापडा नव्हत्या काका. काठ्या होत्या. उजवा हात मोडला. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी कॉलेजमधून सावलीच्या दवाखान्यात गेले होते, तिथे मंगलीवहिनी भेटली. पहिलं प्लास्टर तिथलंच होतं, म्हणून हात दाखवायला दोघं एवढ्या लांबून आले होते. हाड वाकडं बसलंय. वहिनी माझ्याशी बोलली नाही. दादानं मात्र विचारलं, ‘तलावाचं पाणी कसं हाये?’

बाबा वाईट नाहीत. पण तुमचं पत्र वाचून झालं तेव्हा त्यांचा चेहरा असा सुटल्यासारखा झाला, तो मला पाहवला नाही.

तुमची
दिव्यानी

---

ऊर्जानगर
२६ नोव्हेंबर २०२३

श्रीहरी,

आधी माझी चूक सांगतो.

तीन नंबरच्या बाटलीत फॉस्फेट बाकी दोन्हींच्या सहापट निघालं. अमोनियाही तसाच. नुसतं बांध्यांतून आणि नाल्यांतून येणारं पाणी काठाकाठानं पसरतं, एका कोपऱ्यात असं साचत नाही. साचतं ते कोणी ओतलेलं. मी तीस वर्षं हेच काम केलं. तो आकडा पाहिला आणि लगेच कळलं. अतुलनंही विचारलं, ‘सर, हे काय?’ मी म्हटलं, नमुना नीट भरला नसेल.

नमुना नीट होता. तू सचिव आहेस हे मला माहीत होतं आणि मला पुढचं विचारायचं नव्हतं. गावाला वाचायला दिलेल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. ते अर्धं खरं आहे. युरिया खरा आहे, नाल्या खऱ्या आहेत, आणि त्या तलावाला आज ना उद्या मारणारच आहेत. पण या वर्षी, त्या पहाटे, मासे मेले ते सहा ट्रॉल्या कोंबडखतानं.

मला कोणी सांगितलं ते शोधत बसू नकोस. आकड्यांनी आधीच सांगितलं होतं.

तुला माहीत नव्हतं, हे मी मान्य करतो. खतानं मासे वाढतात असं पुस्तकातही लिहिलेलं असतं, फक्त किती टाकायचं तेही लिहिलेलं असतं. अज्ञानाबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. पण मागूर मेले नाहीत हे तू मला लिहिलंस, त्या दिवशी तुला कळलं होतं. कळल्यावरही तू लिहिलंस, ‘दोन-चार थापडा पडल्या असंल.’

त्या माणसाचा हात मोडलाय श्रीहरी. जाळं फेकणारा हात.

मला उत्तर नको. त्याच्याकडे जा.

नागसेन

---

मोहबोडी
१४ जानेवारी २०२४

नागसेन,

दीड महिना झाला. तुही चिठ्ठी मी खिशात घेऊन फिरत होतो. रागही आला होता तुहा. मग गेला.

तुले अजून एक गोष्ट मालूम नाई. दिव्यानीलेही नाई. ते लिवतो, मग बाकीचं.

त्या दिवशी सकाळी सगळे पाळीवर जमले होते. पत्रूनं सालीचा गठ्ठा आणून मधात टाकला. मी लालसूले विचारलं, हे काय हाये? तो म्हणला, ‘नाल्यातले मासे धराले उन्हाळ्यात आणली होती भाऊ, तलावात कायले टाकू?’ लोकं अजून थांबले होते, नागसेन. त्याच्यावर इस्वास ठेवणारे होते. मग तो माह्याकडं वळला अन् म्हणला, ‘सचिव भाऊ, मले वाटते त्या कोंबड...’

एवढंच. अन् माहा हात उठला. पुरं बोलू देलं नाई मी त्याले. पहिली थापड माही होती. सचिवानं मारलं म्हणल्यावर मग कोण थांबते? मी मांगं सरकलो. काठ्या कोणाकोणाच्या होत्या ते मी पाह्यलं नाई, कारण मी तलावाकडं तोंड करून उभा होतो.

तवा मले पक्कं मालूम नव्हतं की खतानंच मेले. पण डर लागला होता. त्या डरानंच हात उठला.

परवा मुलचेऱ्याले गेलो. तिथून पुढं बंगाली लोकायच्या गावातून एकानं मोटरसायकलवर सोडलं. लालसू अंगणात बसून डाव्या हातानं टोपली विणून राह्यला होता. मंगलीनं मले पाह्यलं अन् आत गेली. पाणी आणलं नाई. मी उभाच राह्यलो. सगळं बोललो. खत माहं, थापड माही, सगळं.

लालसू म्हणला, ‘मले मालूम हाये.’

मी म्हणलं, मग दवाखान्यात, मंगलीजवळ, कोणाजवळच काऊन नाई बोलला?

त्यानं टोपली बाजूले ठेवली. मग म्हणला, ‘लोकायले मालूम नव्हतं म्हणून त्यायनं मारलं. ते समजते मले. पण ज्याले मालूम होतं त्यानंच पहिले मारलं. मग मी सांगू कोणाले?’

आतून मंगली म्हणली, ‘चार महिने मी याले विचारून राह्यली, पहिले कोणं मारलं. आज समजलं.’ तिनं दार लावून घेतलं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहून हे सांगणार हाये. लालसूले म्हणलं, तू ये. तो हो म्हणला नाई, नाईही म्हणला नाई. त्याच्या हाताचं नागपूरले दाखवाचं मी बोललो, तं म्हणला, मंगलीले विचारा.

दिव्यानीले काल सगळं सांगतलं. ती रडली नाई. माह्यासंगं बोलतही नाई.

श्रीहरी

---

ऊर्जानगर
१८ जानेवारी २०२४

श्रीहरी,

पत्र मिळालं. सव्वीसला मी यायला तयार होतो, पण डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. सोबत तिन्ही बाटल्यांचे पूर्ण आकडे पाठवतो, माझ्या सहीचे. खाली मी लिहिलं आहे की आधीच्या पत्रात मी तिसऱ्या बाटलीचा निकाल लपवला. तेही वाच. गाळू नकोस.

दिव्यानीला वाचू दे. ती नाही म्हणाली तर तू वाच.

नागसेन

---

मोहबोडी
२८ जानेवारी २०२४

नागसेन,

झेंडा झाल्यावर शाळेच्या मैदानातच सभा बसली. दिव्यानी वाचाले उठली नाई. मीच वाचलं. तुहं बी वाचलं, माहं बी सांगतलं. थापडीपर्यंत सगळं. मांगून एकजण म्हणला, जोरात बोला. मग जोरात बोललो.

मग जे सुरू झालं ते तू आयकाले नव्हता ते बरं. पत्रू उठला, म्हणला, ‘सचिवानं हात टाकला म्हणून आमी टाकला, आमचा काय दोष?’ मग सगळे तेच म्हणाले लागले. तलाव यानं मारला, लालसूले यानं मारलं, आमी फसलो. कोणी म्हणे संस्थेतून काढा, कोणी म्हणे गावातून काढा. एक-दोघं पुढं सरकले. मी हात खाली सोडून उभा होतो. मले वाटलं, होऊ दे.

तवा फाटकाजवळून आवाज आला. लालसू. तो अन् मंगली कवा येऊन उभे राह्यले ते मले दिसलं नव्हतं. तो चालत मधात आला. उजवा हात पोटाशी धरून. लोकं बाजूले झाले.

तो म्हणला, ‘खत सचिवानं आणलं. उतरवलं मी. मले वास येत होता, तरी उतरवलं. पण तलाव चार वर्षापासून हिरवा होऊन राह्यला. राखणदार मी होतो, मी रोज पाह्यला. पत्रूभाऊ, तुह्या बांधीचं पाणी युरिया टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी तू तलावात फोडते. सरपंचसाहेब, तुमच्या घरची नाली कुठी जाते? एका माणसाच्या डोक्यावर टाकून मोकळे नोका होऊ. ते कसं असते, मी पाह्यलं हाये.’

मंगली त्याच्यामांगं उभी होती. ती म्हणली, ‘अन् काठ्या कोणाच्या होत्या ते बी इथीच सांगा. आज.’

पत्रू परत उठला, म्हणला, एक माही होती. मग अजून दोघं. मग एक बुढा रडाले लागला, तो तं काठी घेऊन नव्हताच, नुसता पाहत होता.

जे ठरलं ते लिवतो. दोन साल तलावात बीज सोडाचं नाई, खत-खाद्य काही टाकाचं नाई. नाल्यायचं तोंड वळवून शोषखड्डे कराचे. युरिया टाकल्यावर बांधीचं पाणी आठ दिवस अडवून धराचं. लालसूच्या हाताचं नागपूरले आपरेशन, काठ्या ज्यायच्या होत्या अन् मी, मिळून. मंगलीनं त्याले हो म्हणलं. मी सचिवपद सोडलं. माह्या जागी रंजीता मेश्राम, तुह्या चुलतभावाची सून. ती पहिल्याच दिवशी म्हणली, दर महिन्याले तीन बाटल्या काकाले पाठवू. पाठवन ती, वाट पाय.

लोकं लालसूले म्हणले, परत ये, झोपडी बांधून देतो. तो म्हणला, राखण आता नाई करत. तिकडं मंगलीच्या भावाची बोडी हाये, लहानशी तळी, तिच्यात पाणी स्वच्छ हाये.

सभा उठल्यावर तो तलावाकडं गेला. मी मांगं मांगं. तुडुमाजवळ बसून त्यानं डावा हात पाण्यात घातला, ढवळला, वास घेतला. म्हणला, ‘खालून अजून काळं येते. बसाले टाइम लागंल.’ मी म्हणलं, घरी चाल, जेवून जा. दिव्यानीनं रांधलं होतं, दोघायचं. तो म्हणला, ‘बस हाये तीनची.’

मी स्टँडपर्यंत गेलो. बस आली. मंगली खिडकीजवळ बसली. लालसूनं चढताना डावा हात वर केला. मले केला का कंडक्टरले, मले कळलं नाई.

श्रीहरी